गेटवर ताटकळत बसल्यावर आभार कशाचे मानायचे?

प्रश्न: ताई, कामासाठी मला महिन्यातून दोनतीनदा विमानाने जावं लागतं आणि हल्ली त्या थांबण्याचाच धसका घेतलाय. मागच्या खेपेला चार तास गेटवर काढले, बोर्डावर सारखी नवीन वेळ, कारण कोणी सांगेना, शेवटी मी काउंटरवरच्या मुलीवर ओरडले आणि नंतर दोन दिवस तेच डोक्यात. सगळे म्हणतात चांगलं बघ, आभार मान. कशाचे मानू?

उत्तर: अगं, ओरडणं सोड, पण जीव कासावीस होणं अगदी साहजिक आहे. रांगांचा आणि ताटकळण्याचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्येच लिहिलंय की किती वेळ लागणार ते माहीत नसलं, कारण कळलं नाही किंवा हाताला काही काम नसलं की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. तुझ्या गेटवर तिन्ही एकदम होतं, मग काय होणार!

म्हणून आधी आभार वगैरे नको, आधी माहिती काढ. बरेचदा आपलं विमान मागच्या शहरातूनच उशिरा सुटलेलं असतं, फ्लाइट ट्रॅकिंगच्या अ‍ॅपवर ते कुठवर आलंय दिसतं, आणि ते अजून तिथून हललंच नसेल तर बोर्ड काहीही म्हणो, तुझ्याकडे बहुधा भरपूर वेळ आहे. जिथे पोचायचंय तिथे फोन करून टाक. मग हळूहळू श्वास सोड, घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ लावून, त्याने छातीतली धडधड खरंच कमी होते.

मी एकदा धुक्यामुळे अशीच अडकले होते, खूप चिडलेले, आणि काचेपाशी जाऊन उभी राहिले. खाली भुरभुर पावसात एक माणूस टॉर्च घेऊन आमच्या विमानाभोवती फिरत होता. चाकाशी वाकला, टायरवर उजेड फिरवला, चार पावलं पुढे गेला आणि परत मागे येऊन तोच टायर पुन्हा बघितला. अशी फेरी प्रत्येक उड्डाणाआधी मारतात हे ऐकून होते पण तो परत फिरला ना, ते बघून गळा दाटून आला माझा. आत आम्ही सगळे शिव्या घालतोय आणि बाहेर हा आमच्याच जिवासाठी भिजतोय. कधीकधी तर वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपतात म्हणून दुसरा क्रू येईपर्यंत थांबवतात, मला आता त्याचा रागच येत नाही, थकलेल्या माणसाच्या हाती विमान नको ते बरंच.

तर मनाला दटावून आभार मानू नकोस, असं काहीतरी नीट बघ, आभार आपसूक येतात. आणि दिसलं ते लिहून ठेव. एमन्स आणि मॅक्कलो या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात काहींनी आठवड्यातून एकदा आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, आणि पहिल्यांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटत होतं. फक्त मोघम लिहू नकोस, ‘शेजारच्या आजोबांनी न मागता चार्जर दिला’ असं लिही.

त्या मुलीचं अजून मनाला लागत असेल तर पुढच्या वेळी काउंटरवर जी असेल तिला आधी विचार, कधीपासून उभी आहेस गं?

मात्र घरी कोणी आजारी आहे आणि तू मध्येच अडकलीस, तर यातलं काहीच करू नकोस. तेव्हा रडू आलं तर रड, घरच्यांना फोन लाव आणि शेजारी बसलेल्या माणसाला सांग.