बीए इकॉनॉमिक्ससोबत डेटा सायन्सची दुसरी पदवी करावी का?

नियमात बसतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल 2022 मध्येच एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. एक कॉलेजात आणि एक ऑनलाइन, हेही चालतं. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी त्यातच मोडते. जेईई लागत नाही, पण पात्रता परीक्षा आहे, आणि क्विझ व सत्राची परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. कॉलेजची परीक्षा त्याच आठवड्यात आली की तारांबळ उडते, म्हणून दोन्ही वेळापत्रकं आधी समोरासमोर ठेवा.

जोडी मात्र जमते. संख्याशास्त्र, कॅल्क्युलस, पुढे रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजणं) हे दोन्हीकडे येतं, त्यामुळे मेहनत थोडी वाचते. खरा फायदा कच्चा डेटा हाताळताना कळतो. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, फाइल उघडून बघा: नुसत्या आकड्यांच्या ओळी. कुठल्या जागेवर वय आणि कुठे शिक्षण, ते सोबतच्या लेआउट फाइलमध्ये शोधायचं. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर ही आकड्यांची फाइल पटकन वाचता येते. पण प्रत्येक कुटुंबाला मल्टिप्लायर (ते एक कुटुंब किती कुटुंबांच्या जागी धरायचं तो आकडा) का लावायचा, 'बेरोजगार' कुणाला धरलंय, हे कळायला अर्थशास्त्रच लागतं.

पहिलं वर्ष एकाच पदवीचं करा, असं मी सांगेन. गणित बारावीला सोडलं असेल तर नक्कीच. आणि नुसतं सीव्हीवर दिसावं म्हणून करणार असाल, तर एखादा पायथॉनचा कोर्स पुरे.