निंबोळीपुढे संत्रं का टिकत नाही?

निंबोळी तेलाच्या साबणात संत्र्याच्या सालीचं तेल घातलं. ओतताना घमघमाट होता, चार आठवड्यांनी पुन्हा तोच उग्र दर्प. प्रमाण वाढवू का? (सक्करदरा)

वाढवू नका. आपल्या नागपुरी संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन (संत्र्याच्या वासाचं द्रव्य) असतं आणि ते झपाट्यानं उडतं. निंबोळीतली गंधकयुक्त संयुगं मात्र वडीत ठाण मांडून बसतात. त्यांना झाकायला तितकाच चिवट, मातकट किंवा लाकडी वास लागतो.

आधी निंबोळीच कमी करा. १ किलो तेलांत २०० ग्रॅम असेल तर १०० वर आणा. उरलेल्या जागी खोबरेल घेतलंत तर कॉस्टिकचा (तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा) हिशेब नव्यानं करा; खोबरेलाला कॉस्टिक जास्त लागतं. मग १ किलो तेलांमागे ३० ग्रॅम सुगंधी तेलं: गवती चहा १२, देवदार १०, पचौली (मातकट वासाचं पानांचं तेल) ८. संत्रं हवंच असेल तर गवती चहातले ४ ग्रॅम कमी करून तेवढंच घाला. लवंग तेल टाळा, मिश्रण साच्यात ओतण्याआधीच घट्ट होतं.

सगळा घाणा लावण्याआधी १०० ग्रॅमची एक वडी करून पाहा. ती मधोमध कापून आतल्या भागाचा वास घ्या. वरच्या थराचा वास उडालेला असतो, त्यावरून अंदाज चुकतो.

जवसाच्या केशतेलाला मे महिन्यात जुन्या ऑइलपेंटसारखा वास येतो. कोणता सुगंध घालू? (इतवारी)

कोणताच नाही. हा वास जवसाचा नसून तेल खवट झाल्याचा आहे. जवसात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. ते हवेनं आणि उष्णतेनं लवकर बिघडतं. त्यात नागपूरचा ४५ अंशांचा उन्हाळा. खवट तेलावर मोगरा ओतून ते गिऱ्हाइकाला देणं मला मान्य नाही. ते फेकाच.

पुढच्या वेळी ताजं, थंड दाबाचं जवस फक्त ५ टक्के, बाकी खोबरेल किंवा तिळाचं तेल. जवस तापवू नका, वनस्पती मुरवायच्या तर दुसऱ्या तेलात मुरवा. ०.२ टक्के टोकोफेरॉल (तेल खवट होणं लांबवणारं ई जीवनसत्त्व) पहिल्याच दिवशी घाला, म्हणजे १०० ग्रॅमला ०.२ ग्रॅम. औषधाच्या दुकानातल्या ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलमध्ये बहुधा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. ते बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही, आणि घरगुती तेलं बिघडतात ती बऱ्याचदा इथेच. बाटली गडद रंगाची घ्या आणि गळ्यापर्यंत भरा.

केराटिन (केसांतलं प्रथिन) घातलेल्या कंडिशनरला रश्श्यासारखा वास येतो. गुलाब घातला तर आणखी विचित्र झाला. (धरमपेठ)

रश्श्यावर गुलाब टाकला की दोन्ही वेगवेगळे जाणवतात. खमंग वासाला रोझमेरी, लॅव्हेंडरसारखे वनस्पतींचे वास सामावून घेतात. त्याआधी सामू (pH) तपासा. तो ६ च्या आसपास असेल तर सायट्रिक आम्लाचं द्रावण थेंबाथेंबानं घालून ४ ते ४.५ वर आणा. वासाच्या अमाइनांवर (नत्रयुक्त संयुगांवर) आम्लात विद्युतभार येतो, मग ती हवेत कमी उडतात. कंडिशनर ४० अंशांखाली आल्यावरच ०.४ टक्के सुगंध घाला. गरम असताना घातलात तर निम्मा वास भांड्यावरच उडून जाईल.