नवीन पातळ, हलके लॅपटॉप येईपर्यंत थांबावं का?

तुम्ही रत्नागिरीत घरून डीटीपी करता, जुना लॅपटॉप धापा टाकतोय, आणि पुढच्या वर्षीच्या पातळ, बारीक ठिपक्यांच्या (म्हणजे पिक्सेलच्या) स्क्रीनवाल्या मॉडेलांची वाट बघताय. स्क्रीनसाठी असेल तर थांबू नका. २०१२ मध्येच अ‍ॅपलने १५.४ इंचात २८८० बाय १८०० ठिपके बसवले होते. आता तसे विंडोजवालेही मिळतात.

आपल्याला फरक कळतो तो जोडाक्षरांत. माझ्या जुन्या १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर इंचाला जेमतेम १०० ठिपके. लहान टायपात ‘राष्ट्र’मधला ष्ट्र म्हणजे नुसता काळा डाग, प्रुफं तपासताना रफार की अनुस्वार, तेच कळेना. १४ इंचात २८८० बाय १८०० घेतलात तर इंचाला २४० च्या वर जातात. डोळे दुवा देतील.

फुकट काही नाही म्हणा. ठिपके वाढले की बॅटरी लवकर उतरते, आणि आपल्याकडे जूनमध्ये वारा सुटला की पहिली लाईट जाते. तेव्हा बॅटरी किती वॉट-अवरची (हे तिच्या साठ्याचं माप), ते आधी विचारा.

पातळपणाचं मला फारसं कौतुक नाही. अनेक पातळ मॉडेलांत रॅम (चालू कामाची मेमरी) बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही; १६ जीबी आत्ताच घ्या. आणि शक्यतो पंखा नसलेलं बघा. पंखा खारी हवा आत ओढतो. माझ्या पोर्टांच्या कडांना दोन पावसाळ्यांत गंज चढला, घर तर समुद्रापासून चांगलं लांब आहे!