परसबागेसाठी पुण्यातला फ्लॅट विकावा का?

पुण्याहून एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांचे वय ४५, यजमानांचे ४९ आणि मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात १७ वर्षे नोकरी करतात. दापोली तालुक्यात यजमानांचे वडिलोपार्जित घर असून घराभोवती १२ गुंठे जागा व एक विहीर आहे. मार्चमध्ये राजीनामा देऊन तेथे राहायला जावे, परसात भाजी पिकवावी, त्याच भाजीवर घरचा स्वयंपाक करावा आणि पुढे पर्यटकांना जेवण द्यावे, असे त्यांच्या मनात आहे. त्यासाठी पुण्यातला फ्लॅट ९० लाखांना विकायचा, २८ लाख घराच्या कामाला लावायचे आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर राहायचे, अशी त्यांची योजना आहे. यजमान आणि मुलगी आणखी दोन वर्षे पुण्यात भाड्याच्या घरात राहतील.

ताई, तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. "दिवसभर आकडे जुळवून घरी येते, पण संध्याकाळी अळूची पाने चिरायला बसले की आज काहीतरी केले असे वाटते," असे तुम्ही लिहिले आहे. ही भावना हौस म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. आयुष्याची पुढची पंचवीस-तीस वर्षे कशात घालवायची, हा प्रश्न कोणत्याही गुंतवणुकीपेक्षा मोठा आहे आणि तुम्ही तो वेळेवर विचारला आहे. म्हणूनच त्याचे उत्तर फ्लॅटच्या विक्रीवर अवलंबून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही अवश्य जा, पण फ्लॅट विकू नका आणि या मार्चमध्ये राजीनामा देऊ नका.

आधी विक्रीचा हिशेब मांडू. ९० लाखांतून शिल्लक कर्जाचे ११ लाख वजा जातील. फ्लॅट तुम्ही २०११-१२ मध्ये ३८ लाखांना घेतला होता. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर निवासी व्यक्तीला दोन रीतींनी कर मोजता येतो : महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता, १२.५ टक्के, किंवा निर्देशांक लावून २० टक्के. त्यांतला जो कमी येईल तो भरायचा असतो. तुमच्या बाबतीत दुसरी रीत सोयीची असून कर साधारण अडीच लाख येईल. गावच्या घरावरचा खर्च दाखवून हा करही वाचेल असे तुम्ही गृहीत धरले आहे, पण ही सवलत नवे घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी आहे. आधीपासून असलेल्या घराची डागडुजी तिच्यात सहसा बसत नाही. दलाली आणि किरकोळ खर्च एक लाख धरला तर हातात साडेपंचाहत्तर लाख येतील आणि त्यांतले २८ लाख घरात गेल्यावर साडेसत्तेचाळीस लाख उरतील.

या रकमेवर साडेसहा टक्के दराने वर्षाला सुमारे ३ लाख ९ हजार, म्हणजे महिन्याला पावणेसव्वीस हजार रुपये व्याज मिळेल. यजमान आणि मुलीसाठी त्याच परिसरात भाड्याने घर घ्यायचे तर २४ हजार लागतील, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे ज्या व्याजावर तुम्ही गावी राहणार होता, ते जवळजवळ सगळे पुण्यातल्या भाड्यात जाईल. आज ज्या घरात तुम्ही स्वतःच्या हक्काने राहता, तशाच घराचे भाडे भरण्यासाठी ते घर विकल्यासारखे हे होईल. २१ हजारांचा हप्ता सुटेल, हे खरे आहे. पण तो हप्ता साडेपाच वर्षांत आपोआप संपणार आहे. भाडे मात्र घर सोडेपर्यंत चालू राहते आणि दरवर्षी वाढते.

आता परसबागेकडे वळू. तीन माणसांच्या भाजीला तुम्हाला महिन्याला साडेचार हजार रुपये लागतात. पहिली दोन वर्षे दोन माणसे पुण्यातच राहणार असल्याने त्यांची बरीचशी भाजी विकतच येईल. तुमच्या वाट्याची भाजी आणि दर पंधरवड्याला पुण्याला पाठवाल ती धरून दीड ते दोन हजार रुपये वाचतील. दुसरीकडे आळी करायला, मांडव घालायला आणि तण काढायला महिन्यातून पाच दिवस मदतीला बाई लागली, तर तुम्ही दिलेल्या ४०० रुपये रोजाने दोन हजार रुपये होतात. पंपाची वीज, बियाणे आणि जाळी यांचा खर्च वेगळाच. तेल, डाळ, गहू, दूध, साखर आणि गॅस परसात पिकत नाहीत. बाग तिचा खर्च भरून काढील आणि ताटात ताजी भाजी देईल, पण घर चालवणार नाही. रोजच्या भाजीसाठी एक-दोन गुंठे पुरतात. उरलेल्या जागेतल्या आंबा, फणस, रातांबा या झाडांना तुमची रोजची मेहनत लागत नाही, पण उत्पन्न त्यांचे जास्त आहे, हे लक्षात असू द्या.

पर्यटकांना जेवण देण्याचा विचार चांगला आहे, पण त्याचे वेळापत्रक आणि बागेचे वेळापत्रक एकमेकांशी नेहमी जुळत नाही. कोकणात पावसाळी भाज्यांचा बहर श्रावण-भाद्रपदात येतो. काकडी, पडवळ, दोडका, भेंडी आणि अळू तेव्हा इतके होते की शेजारीपाजारी वाटावे लागते. त्या दिवसांत बाहेरचे पाहुणे मात्र कमी असतात आणि गणपतीला येतात ते घरचे चाकरमानी. उलट मे महिन्यात पर्यटकांची रीघ लागते, तेव्हा विहीर तळाला गेलेली असते आणि बागेत शेवगा व फणसाच्या कुयऱ्यांखेरीज फारसे काही नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने दोन्हींना अनुकूल आहेत. लाल माठ, मुळा, वांगी, पावटा आणि कडवे वाल तेव्हा असतात आणि शनिवार-रविवारी लोकही येतात.

दिवाळी ते मे या काळातले ३० आठवडे, आठवड्यातले दोन दिवस, दिवसाला १० ताटे आणि ताटाचे ३५० रुपये असे धरले, तर वर्षाला २ लाख १० हजारांची विक्री होते. शिधा, गॅस आणि हाताखालचे माणूस यांत निम्मी रक्कम जाईल. उरलेले महिन्याला पावणेनऊ हजारांच्या आसपास पडतात. तुमचा आजचा हातात येणारा पगार ६२ हजार आहे. ही तुलना तुम्हाला नाउमेद करण्यासाठी मांडलेली नाही. पत्रातल्या आराखड्यात पहिल्याच वर्षी ४० हजार महिना धरलेला आहे आणि त्या आकड्यावर विसंबून दोन खोल्या बांधायला निघणे धोक्याचे आहे, एवढेच मला सांगायचे आहे. माझ्या मते ताटांपेक्षा आमसुले, आगळ, कुळथाचे पीठ आणि फणसाची साठे यांतून सुरुवात करणे तुमच्या स्वभावाला आणि खिशाला जास्त मानवेल. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात सुकवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा सुकवायच्या, हे काम पाऊस पडण्याआधी आटपावे लागते. पण एकदा बरणीत भरलेली आमसुले पर्यटक आला काय आणि न आला काय, वर्षभर विकता येतात. पुण्यात तुमच्या ओळखीची वीस घरे हीच तुमची पहिली बाजारपेठ आहे. जेवण देणे असो वा असे पदार्थ विकणे असो, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी करून घ्या. कराचेही ध्यानात ठेवा : सातबाऱ्यावरच्या जमिनीतली भाजी आणि फळे जशीच्या तशी विकली तर ते शेतीचे उत्पन्न असून करमुक्त असते. शिजवलेल्या जेवणाचा नफा मात्र धंद्याचे उत्पन्न धरला जातो.

आता पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलेली गोष्ट. घराचा उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे आणि सातबाऱ्यावर यजमान, मुंबईचे दीर आणि नणंद अशी सामाईक नावे आहेत. मला संपूर्ण योजनेत सर्वांत जास्त काळजी याच ओळीची वाटते. सामाईक घरावर तुम्ही २८ लाख खर्च केलेत, तरी कायद्याच्या दृष्टीने ते घर सर्वांचेच राहते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर निर्विवाद आहे. आज दीर म्हणतात की "वहिनी, तुम्ही राहा, आम्हाला गणपतीपुरते आले की झाले," आणि ते मनापासून म्हणत असतील. पण पंधरा वर्षांनी निर्णय त्यांची मुले घेतील आणि तेव्हा नव्या स्वयंपाकघराचा खर्च कोणी केला, याचा कागद कोणाकडेच नसेल. म्हणून आधी ग्रामपंचायतीत घराची वारसनोंद पूर्ण करून घ्या, मग तिघांनी बसून वाटणी ठरवा आणि वाटणीपत्राची नोंदणी करा. गणपतीचे देवघर आणि माजघर सामाईक ठेवून मागील पडवी, विहिरीची बाजू आणि परसाचा तुकडा यजमानांच्या वाट्याला येईल, अशी मांडणी सर्वांनाच पटण्यासारखी आहे. पैशाच्या आधी हे बोलणे झाले तर ते प्रेमाने होते. विटा येऊन पडल्यावर काढलेला तोच विषय भांडणाचा होतो.

मग जायचे कसे? तुमची कंपनी तीन महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा देते, असे तुम्ही लिहिले आहे. ती रजा १५ एप्रिल ते १५ जुलै या काळात घ्या आणि घर आहे त्या स्थितीत तेथे राहा. या तीन महिन्यांत विहिरीचे पाणी किती टिकते, मे महिन्यात खरोखर किती पाहुणे दारात येतात, पावसाच्या झडीत वीज गेल्यावर एकटीने राहणे कसे वाटते आणि वानरांची टोळी एका सकाळी पडवळाचा मांडव कसा भुईसपाट करते, हे सगळे प्रत्यक्ष दिसेल. १ लाख ८६ हजारांचा पगार बुडेल. २८ लाखांच्या कामाआधीची ही तपासणी आहे असे समजा. मला ती महाग वाटत नाही.

रजेनंतरही मन तिकडेच ओढत असेल, तर राजीनामा मुलीचे शेवटचे वर्ष संपेल तेव्हा द्या. आज तुमच्या घरात दोघांचे मिळून दीड लाख येतात. घरखर्च ४५ हजार, हप्ता २१ हजार, मुलीची फी सरासरी साडेतेरा हजार, एसआयपी ३० हजार आणि प्रवास, औषधे, विमा, सणवार यांचे २५ हजार वजा जाता साडेपंधरा हजार उरतात. एसआयपीतले १५ हजार कमी करून ही सारी रक्कम दोन वर्षे आवर्ती ठेवीत टाकली, तर सव्वासात लाखांहून अधिक मुद्दल जमेल. ३० हजारांच्या मूळ पगारावर १९ वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ३ लाख २९ हजार होते आणि ती तुमच्या बाबतीत करमुक्त असेल. दोन्ही मिळून आणि थोडे व्याज धरून अकरा लाख होतात. तुमच्या अंदाजपत्रकात छप्पर, संडास आणि न्हाणीघराचे सहा लाख आणि विहीर, पंप, टाकी, कुंपण यांचे पाच लाख आहेत. एवढे काम याच पैशात बसते. नवे स्वयंपाकघर आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या यांचे १७ लाख आज बाजूला ठेवा.

तुमचा पगार थांबल्यावर यजमानांच्या ८८ हजारांत हप्ता २१ हजार, पुण्यातला खर्च ३३ हजार, गावचा १८ हजार आणि इतर १२ हजार भागवल्यावर चार हजारच उरतील. एसआयपी जवळजवळ थांबेल, हे मी मान्य करूनच सांगतो आहे. पण दोघांचे भविष्यनिर्वाह निधीतले ३१ लाख, म्युच्युअल फंडातले १६ लाख आणि मुदत ठेवीतले ६ लाख जागेवर राहतील आणि यजमानांचा निधी वाढत राहील. त्यापुढे साडेतीन वर्षांत कर्ज फिटेल. तेव्हा यजमानही गावी आले, तर फ्लॅटचे २४ हजार भाडे तुमचे महिन्याचे उत्पन्न होईल. राजीनामा दिल्यावर तुमचा निधी लगेच काढू नका. त्यावर व्याज चालू राहते, मात्र नोकरी सोडल्यानंतरचे व्याज करपात्र असते. दहा वर्षांहून जास्त सेवा झाल्यामुळे ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा तुमचा हक्क कायम आहे.

आरोग्य विमा मात्र दोन वर्षे थांबवू नका. यजमानांना मधुमेह आहे आणि आजचे संरक्षण कंपनीच्या पॉलिसीचे आहे. नोकरी गेली की ते जाते. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावू शकते, म्हणून स्वतंत्र कौटुंबिक पॉलिसी याच महिन्यात घ्या. प्रतीक्षेचा बराच काळ कंपनीची पॉलिसी हातात असतानाच निघून जाईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसी निवडताना चिपळूण आणि रत्नागिरीतली कोणती रुग्णालये तिच्या यादीत आहेत, हे पाहून घ्या, कारण गरज पडेल तेव्हा पुणे पाच-सहा तासांवर असेल.

एप्रिलला निघण्यापूर्वी वारसनोंदीचा अर्ज आणि विम्याचा प्रस्ताव एवढी दोन कामे आटोपलेली असावीत. जुलैत परतलात की तीन महिन्यांचा खरा खर्च आणि खरी विक्री मला लिहून कळवा, म्हणजे १७ लाखांच्या खोल्यांचा विचार त्या आकड्यांवर करता येईल.