संशोधनाचे ई-मेल फुटले, आता काय?

प्रश्न : सातपूरला आमची द्राक्षावरच्या जैविक औषधाची छोटी प्रयोगशाळा आहे. चाचण्यांचे गोपनीय ई-मेल आतल्याच कुणीतरी बाहेर दिले. ते आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताहेत. पेटंटचा अर्ज केलेला नाही. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चोर नंतर शोधा, आधी अर्ज करा. संमतीशिवाय माहिती प्रसिद्ध झाली तर पेटंट कायदा, १९७० च्या कलम २९ नुसार नावीन्य (पेटंटसाठी शोध नवा असण्याची अट) बुडत नाही, मात्र कळल्यावर शक्य तितक्या लवकर अर्ज हवा. माल आधीच बाजारात विकायला काढला असेल, तर ही सवलत विसरा. तात्पुरता अर्ज आज टाका; पूर्ण तपशिलाला १२ महिने मिळतात.

पुरावा म्हणून मेल फॉरवर्ड करू नका, मूळ हेडर (मेल कुठून, कधी, कसा आला याची नोंद) जातं. ईएमएल फाइल (हेडरसकट अख्खा मेल) उतरवून तिची हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, नोंदवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात ती लागते. सर्व्हरचे लॉग (कोणी कधी काय केलं याच्या नोंदी) ठरावीक काळाने आपोआप पुसले जातात, तेही लगेच काढून घ्या. खात्यातला ऑटो-फॉरवर्डचा (आलेला मेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा) नियम तपासा. नुसता पासवर्ड बदलून तो थांबत नाही, आणि नेमकं हेच राहून जातं. संशयिताचं खासगी जीमेल मात्र उघडू नका; माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमच्यावरच लागेल.