ब्रुनोला तूप नको, भाऊ: पॅन्क्रियाटायटिसनंतरचे घरचे दिवस

भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना. तुमचा ब्रुनो सहा वर्षांचा, २६ किलोचा लॅब्राडोर. पोळ्याच्या करीला पाहुण्यांनी मटणाची चरबी आणि हाडं टाकली, दुसऱ्या दिवसापासून उलट्या. वर्ध्याला सोनोग्राफी झाली, डॉक्टरांनी पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, सांगितला, तीन दिवस सलाईन लागलं आणि परवा आर्वीला घरी आणलात. आता तो वाटीला तोंड लावत नाही. आजी म्हणते दूध-तूप द्या म्हणजे अंगात ताकद येईल, शेजारी म्हणतो अजून चार दिवस उपाशी ठेवा. नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, कारण मग सविस्तर वाचायला वेळ असो-नसो. तूप नाही, दूध नाही, आणि उपाशीही ठेवायचं नाही. आणि आजपासून घरात एकाच माणसाने त्याला खाऊ घालायचं.

मी दारव्ह्याकडची. वीसेक वर्षं घरात कुत्री आहेत, आणि त्यातल्या मोतीला हाच आजार २०१८ साली झाला. मोती गावठी, १७ किलोचा. मला पहिल्यांदा काय दिसलं ते सांगते. गोठ्यात रांजणाजवळ पाणी सांडून जमीन ओली असायची, तिथे तो पोट टेकून पडलेला. हाक मारली तर उठला, पुढचे दोन्ही पाय लांब पसरले, छाती जमिनीला टेकवली आणि मागचा भाग वर ठेवून तसाच उभा राहिला. मला वाटलं आळस देतोय. आळस दोन क्षणांत संपतो, हा पाच मिनिटं तसाच. पोटातली कळ कमी व्हावी म्हणून कुत्रं अशी बसक घेतं, हे मला नंतर कळलं. ब्रुनो घरी आल्यावरही असं करत असेल तर दुखणं अजून आहे, हे धरून चाला.

होतं काय, तर स्वादुपिंडात अन्न पचवणारे पाचकरस तयार होतात. ते आतड्यात उतरल्यावर कामाला लागायला हवेत. या आजारात ते पिंडातच जागे होतात आणि पिंडालाच पचवायला लागतात. म्हणून इतकी आग, इतकी उलटी. चरबीचं मोठं जेवण हे एक कारण, पण एकटं नाही. अंगात चरबी वाढलेली कुत्री, रक्तात चरबी जास्त असलेली कुत्री, काही औषधं, यांनीही होतो. कित्येकदा कारण सापडतच नाही, तेव्हा पाहुण्यांना बोल लावून घरात भांडण करू नका.

आता जेवणाचं. आमच्या वेळी "स्वादुपिंडाला आराम द्या" म्हणून तीन-चार दिवस पाणीसुद्धा तोडायला सांगत. मीही मोतीला चार दिवस उपाशी ठेवलं, आणि त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. आता तसं करत नाहीत. उलटी आटोक्यात आली की लवकर, थोडं-थोडं, कमी चरबीचं खाणं सुरू करतात, कारण आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तरच कमजोर होतं. तुमच्या शेजाऱ्यांचा सल्ला जुना आहे, वाईट हेतूचा नाही.

पण तो खात नाहीये ना? मग आधी मळमळ बघा. वाटी पुढे केली की ओठ चाटतो का, सारखा घोट गिळतो का, लाळ गळते का, वास घेऊन मान फिरवतो का? तो हट्ट नाही, पोटात ढवळतंय. अशा वेळी सिरिंजने पेज तोंडात ढकलू नका. मी ढकलली होती, आणि पुढे महिनाभर मोती त्या स्टीलच्या वाटीचा आवाज आला तरी कोपऱ्यात जायचा. डॉक्टरांना फोन करून मळमळ थांबवणारं औषध मागा. मॅरोपिटंट नावाचं इंजेक्शन आणि गोळी येते, ऑन्डॅनसेट्रॉनही देतात. डोस ते वजनावर ठरवतील. दुखण्याचंही विचारा. दुखणं थांबलं की अर्धी भूक आपोआप परत येते. त्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध चांगलं, पण ते तालुक्याला मिळेलच असं नाही, जिल्ह्याला चौकशी करा.

आणि हात जोडून सांगते, घरातली कुठलीही वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, काहीच नाही. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या कुत्र्याची किडनी अशा गोळ्यांनी बसू शकते, जठरात जखमा होतात. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक २००६ सालीच आपल्याकडे बंद झालं, कारण ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं किडनी जाऊन मरत होती.

खाण्याचा हिशोब असा. २६ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. या आजारात हजार कॅलरीमागे २० ग्रॅमच्या आत चरबी ठेवतात, म्हणजे ब्रुनोला दिवसभरात जेमतेम १६ ग्रॅम. आता आजीच्या मोठ्या चमच्यातलं तूप घ्या: एका चमच्यात १३-१४ ग्रॅम चरबी. दिवसभराचा सगळा वाटा एका चमच्यात गेला. म्हशीच्या दुधात शंभरात सहा-सात ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यात तर जवळजवळ निम्मी चरबीच. हा हिशोब आजीला समजावून सांगा, त्या ऐकतील. माझ्या सासूबाईंनी ऐकलं, पण एकदा चूक होऊन गेल्यावर. मोती आठव्या दिवशी शेपटी हलवू लागला तेव्हा त्यांचा जीव भरून आला. "बिचाऱ्याच्या अंगात काहीच राहिलं नाही, थोडं तूप देजो त्याले, ताकद येईन," म्हणाल्या आणि मी शेतात असताना वरण-भातावर तुपाची धार सोडली. रात्री दोनला उलटी. पुन्हा तीन दिवस सलाईन. त्या बाई देवघरासमोर बसून रडल्या. त्यांच्यावर रागावता येईना, कारण ते तूप मायेचंच होतं. आपल्याकडे आजाऱ्याला तूप देणं ही शुश्रूषा आहे. या आजारात ती उलटी पडते, एवढंच घरातल्या सगळ्यांना पटवावं लागतं.

रोज काय द्यायचं ते: मऊ शिजवलेला भात, कातडं काढलेलं छातीचं चिकन नुसत्या पाण्यात उकडून, आणि दुधी किंवा लाल भोपळा. मीठ, हळद, तेल, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तालाच बाधतात. ब्रॉयलरच्या दुकानात "छातीचं, कातडं आणि पिवळी चरबी काढून" असं स्पष्ट सांगा, आणि घरी आणल्यावर पुन्हा बोटांनी चाचपा, कडेला चरबी राहतेच. उकडलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवून वरचा पांढरा थर काढला तर ते भातावर घालता येतं, वासाने कुत्रं खातं. फ्रिज नसेल तर ते पाणी द्यायच्या भानगडीत पडू नका.

पहिल्या दिवशी दिवसभरात मिळून १०० ग्रॅम भात आणि ५० ग्रॅम चिकन, म्हणजे गरजेच्या चौथ्या भागाएवढं, पाच-सहा वेळा दोन-दोन घास. उलटी नाही झाली तर दुसऱ्या दिवशी गरजेच्या निम्मं, आणि असं करत चार-पाच दिवसांत पूर्ण. पूर्ण म्हणजे त्याला साधारण ३५० ग्रॅम भात नि २०० ग्रॅम चिकन. उलटी झाली तर थांबून डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने वाढवायचं नाही. अंड्याचा पांढरा भाग चालतो, पिवळा नको. जवारीच्या भाकरीत चरबी कमी असते, पण पहिले पंधरा दिवस भातच बरा, मऊ पडतो. लोणी काढलेलं घरचं ताक नंतर थोडं देऊन बघता येतं, आत्ता नाही.

मात्र हे जेवण महिनोन्महिने चालत नाही. भात-चिकनमध्ये कॅल्शियम पुरत नाही, बाकीही बरंच कमी पडतं. दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरांशी बोलून एकतर पूरक पावडर ठरवा, नाहीतर कमी चरबीचं औषधी कोरडं अन्न घ्या. रॉयल कॅनिनचं गॅस्ट्रोइंटेस्टिनल लो फॅट आपल्याकडे मिळतं. महाग आहे हे मला माहीत आहे. मी अर्धं ते आणि अर्धं घरचं असं दिलं होतं, डॉक्टरांना विचारून.

रक्ताच्या रिपोर्टमधल्या लायपेजचंही तुम्ही विचारलंत. अमायलेज आणि लायपेज हे स्वादुपिंडातलेच पाचकरस. नुसत्या अमायलेज-लायपेजच्या आकड्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. कुत्र्यासाठीची खास तपासणी वेगळी असते, तिच्यात ४०० च्या वर आकडा आला तर हा आजार असण्याची शक्यता मोठी. पण बरं होणं त्या कागदावर नाही, त्याच्या भुकेवर आणि पोटावर बघायचं. त्यापेक्षा पुढे दोन-चार आठवड्यांनी १२ तास उपाशी ठेवून रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराईड, तपासून घ्या. ती वाढलेली असेल तर आजार परत येऊ शकतो.

आपल्या भागातल्या दोन गोष्टी इथे सांगितल्याच पाहिजेत. कपाशीवर फवारणी चालू असते त्याच दिवसांत पोळा येतो. उलटी म्हटलं की लोकांना मटण आठवतं, पण कुत्रं धुऱ्यावर फवारणीचं पाणी पिऊन आलं असेल तरी उलटी होते. लाळेचा फेस, थरथर, अगदी बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर पॅन्क्रियाटायटिस-पॅन्क्रियाटायटिस करत बसू नका, फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन डॉक्टरकडे पळा. दुसरं, गोचीड. गोचिडांतून येणारा बबेसिया नावाचा रक्तातला परजीवी स्वादुपिंडालाही सूज आणू शकतो. ताप असेल, हिरड्या फिक्या असतील, लघवी गडद असेल तर रक्ताची काच तपासा असं तुम्ही स्वतः म्हणा, खेड्यात ती तपासणी मागितल्याशिवाय होत नाही.

रात्रीतून डॉक्टर गाठायचा तो कधी: पाणीसुद्धा ठरत नसेल, उलटीमध्ये किंवा शीमध्ये रक्त, डोळे-हिरड्या पिवळ्या, पोट दगडासारखं, श्वास लागलेला, बारा तास लघवी नाही, उठून उभं राहता येत नाही. हिरडीवर बोट दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परत आला नाही किंवा हिरडी चिकट-कोरडी लागली तर सलाईन लागणारच आहे. तालुक्याच्या दवाखान्यात ती सोय झाली नाही तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. निघताना जुने सगळे रिपोर्ट सोबत घ्या.

पुढचे काही महिने तीन गोष्टी मी डायरीत लिहायचे: वजन, पाणी किती प्यायला, शी कशी झाली. शी ढीगभर, फिक्या रंगाची, तेलकट व्हायला लागली आणि खाऊनही तो वाळत चालला तर पाचकरस कमी पडतायत, त्याची पावडर मिळते. सारखं पाणी पितोय, लघवी जास्त होतेय आणि लघवीवर मुंग्या जमतायत तर मधुमेहाची तपासणी करा. हे दोन्ही या आजारानंतर येऊ शकतात, लगेच नाही तर वर्षा-दोन वर्षांनी.

वजनासाठी वेगळं मशीन नको. कापूस मोजायचा काटा असेल घरात, त्यावर तुम्ही ब्रुनोला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. मोती दर शुक्रवारी स्वतःहून काट्याजवळ येऊन बसायचा. त्या आजारानंतर तो साडेचार वर्षं जगला, आणि सासूबाई त्याच्या वाटीत चमचाभर उकडलेला दुधी स्वतःच्या हाताने घालायच्या. आज रात्री ब्रुनोने दोन घास खाल्ले का, आणि उलटी झाली का, एवढं मला नक्की कळवा.