अमेरिकेतल्या फाइन आर्ट छायाचित्रकाराचं करिअर नेमकं कसं घडतं?

लग्नं नाहीत, जाहिराती नाहीत, निव्वळ स्वतःच्या विषयांवर छायाचित्रं काढून तिकडे माणूस उभा कसा राहतो, असं तुम्ही विचारलंय. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर द्यायचा प्रयत्न केला तर ते पोकळ होईल. म्हणून मी एकाच माणसाबद्दल लिहितो : कृष्णवर्णीय अमेरिकन छायाचित्रकार दाऊद बे. मी फोटोग्राफी शिकवतो आणि करिअरचा विषय निघाला की वर्गात यांचीच छायाचित्रं दाखवतो.

बे यांचा जन्म १९५३चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. १९६९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हार्लेमवरचं, म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीवरचं, एक प्रदर्शन बघायला गेले. त्या प्रदर्शनावरून मोठा वाद पेटला होता, कारण हार्लेमवरच्या प्रदर्शनात हार्लेमच्याच चित्रकार-शिल्पकारांना जागा नव्हती. पण साधीसुधी कृष्णवर्णीय माणसं म्युझियमच्या भिंतीवर छायाचित्रांतून दिसू शकतात, हे या मुलाने तिथे पाहिलं. पुढे १९७५ पासून चार वर्षं ते हार्लेमच्या रस्त्यांवर छोटा ३५ मिमी कॅमेरा घेऊन फिरले : न्हाव्याचं दुकान, चर्चला निघालेल्या बायका, फुटपाथवरची मुलं. १९७९ मध्ये या कामाचं प्रदर्शन लागलं ते हार्लेममधल्याच स्टुडिओ म्युझियममध्ये. ज्यांचे फोटो काढले, त्यांना चालत जाऊन बघता येईल अशा ठिकाणी. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीची दिशा इथेच ठरली.

रस्त्यावर फोटो काढणारा माणूस क्लिक करतो आणि निघून जातो. समोरच्याच्या हाती काहीच राहत नाही. बे यांना हे खटकत होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी छोटा कॅमेरा बाजूला ठेवला आणि तिकाटण्यावरचा, ४×५ इंची फिल्म लागणारा मोठा कॅमेरा रस्त्यावर आणला. त्यात पोलरॉइडची 'टाइप ५५' फिल्म घालायची. या फिल्मचं वैशिष्ट्य असं, की प्रिंट जागच्या जागी मिळते आणि पुन्हा वापरता येईल अशी निगेटिव्हही मिळते. प्रिंट समोरच्या माणसाच्या हातात द्यायची, निगेटिव्ह आपल्याकडे ठेवायची. आता चोरून काढण्याचा प्रश्नच उरला नाही. कॅमेरा मांडायचा, बोलायचं, त्या माणसाने उभं राहायचं. त्या पोर्ट्रेट्समधली तरुण मुलं थेट लेन्समध्ये बघतात, आणि ती नजर त्यांनी स्वतःहून दिलेली आहे हे कळतं. तंत्र बदललं ते फॅशन म्हणून बदललं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. नव्वदच्या दशकात ते २०×२४ इंचांची प्रिंट देणाऱ्या अजस्र पोलरॉइड कॅमेऱ्याकडे वळले, स्टुडिओत आले, एकाच माणसाची अनेक तुकड्यांची पोर्ट्रेट्स करू लागले. कारण तेच : समोरच्याच्या संमतीने, त्याला वेळ देऊन फोटो काढणं.

पण थांबून बघावं असं काम आहे 'द बर्मिंगहॅम प्रोजेक्ट'. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये वर्णद्वेष्ट्यांनी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब उडवला. चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. त्याच दिवशी शहरात तेरा आणि सोळा वर्षांची दोन मुलंही मारली गेली. पन्नास वर्षांनी बे यांनी काय करावं? त्या मुलांचे जुने फोटो मोठे करून लावले नाहीत. बर्मिंगहॅममधलीच आज अकरा, तेरा, चौदा, सोळा वर्षांची असलेली मुलंमुली शोधली, आणि एकसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, सहासष्ट वर्षांची माणसंही. मग दोन-दोन पोर्ट्रेट्स शेजारी ठेवली : गेलेल्या मुलीच्या वयाची मुलगी, आणि ती जगली असती तर आज ज्या वयाची असती त्या वयाची बाई. काही पोर्ट्रेट्स काढली बर्मिंगहॅमच्या कला संग्रहालयात, जिथे १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. अकरा वर्षांच्या मुलीकडून शेजारच्या बाईच्या हातांवरच्या सुरकुत्यांकडे डोळा जातो, आणि हिरावून घेतलेली पन्नास वर्षं किती मोठी होती ते समजतं. स्मारकं मी बरीच पाहिलीत, इतकं नेमकं क्वचितच.

त्यानंतर त्यांनी माणसं वगळून नुसत्या जागा टिपल्या. गुलामीतून निसटलेले लोक ओहायोमार्गे ईरी सरोवराकडे, म्हणजे कॅनडाच्या दिशेने, ज्या भागातून जात, तिथली कुंपणं, झाडी, घरं. फोटो दिवसाउजेडी काढले आणि प्रिंट मुद्दाम इतकी गडद केली की रात्र वाटावी. डार्करूमची गोडी असेल तर ही मालिका आवर्जून बघा.

आता पैशांचं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच दिसतो. पहिल्या प्रदर्शनानंतर चौदा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी येल विद्यापीठातून एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, घेतली. १९९८ पासून शिकागोच्या कोलंबिया कॉलेजमध्ये शिकवलं. मॅकआर्थर फेलोशिप, म्हणजे प्रतिभावान माणसांना विनाअट दिली जाणारी मोठी रक्कम, मिळाली २०१७ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. तेव्हा तिची रक्कम ६,२५,००० डॉलर होती, पाच वर्षांत विभागून. मोठे पैसे आले ते असे, हार्लेमच्या प्रदर्शनानंतर अडतीस वर्षांनी. तोवर शिकवणं, संग्रहालयांनी दिलेली कामं, शिष्यवृत्त्या यांवर गाडा चालला. तिकडचे बहुतेक गंभीर छायाचित्रकार असेच जगतात. निव्वळ प्रिंट विकून घर चालवणारे थोडे. तुम्ही या वाटेचा विचार करत असाल तर शिकवण्याच्या नोकरीला दुय्यम समजू नका, आणि कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरवण्याआधी कोणाचे फोटो काढायचे आणि ते त्यांना कुठे दाखवायचे हे ठरवा.